वरची खोली

पाटी मीच रंगवली, फाटकाच्या उरलेल्या ऑइलपेंटने:
खोली भाड्याने देणे आहे. फक्त मुलींकरिता.
नंबराचा शेवटचा आकडा कडीखाली गेला,
म्हणून लोक बेल वाजवूनच विचारतात.

तिनेही बेल वाजवली.
मानेवाड्याचं ऊन, मे सरत आलेला,
दुपट्टा गच्च बांधलेला, नुसते डोळे दिसत.
हिने पाणी दिलं. स्टीलच्या ग्लासात. दिलंच की.
काचेचे वरच्या फळीवर असतात, कोण काढते.

खोली पाहिली. नळ सोडून पाहिला.
कूलरला खिडकी कोणती, विचारलं.
मग पावलांनी भिंत मोजली
आणि म्हणाली, इथं टेबल बसते.

मी विचारलं, सगळ्यांनाच विचारतो,
पूर्ण नाव.
सुकेशिनी वालदे. गाव सिंदेवाही.
आपल्याला तसं काही नसते.
ऑफिसात सगळेच होते, डबा एकाच टेबलावर,
भाज्या ज्याच्या त्याच्या.

वडील? राइस मिलमध्ये.
मग भाडं?
होस्टेलला नंबर नाही लागला काका,
म्हणून समाजकल्याणकडून मिळते. खात्यात येते.
केव्हा येते?
इथं ती थांबली. खोटं बोलता आलं असतं.
'येते. उशीर होते. मागच्यांचं चार महिन्यांनी आलं.'
आणि फोल्डरमधून भाडेकरार काढला,
घरमालकाची सही, तिथं पेन्सिलने बारीक फुली.

सही!
मनपाच्या पावतीवर आमचं घर अजून एकमजली आहे.
ज्या खोलीत आम्ही उभे होतो
ती कागदावर नाहीच.
हे तिला कसं सांगावं?
म्हणून म्हटलं, सरकारी पैशाचा काही भरवसा नाही बाप्पा.
म्हटलं मी,
अडतीस वर्षं पाटबंधारे खात्याचं खाल्लेल्या माणसाने.

दाराआडून ही म्हणाली,
आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही.
शनिवारी सावजीचा रस्सा आला होता. जावई होते.

पोरगी समजली. त्यांना लवकर समजते.
'ठीक आहे काका.'
जाताना ग्लास अंगणातल्या नळाखाली विसळला,
पालथा ठेवला कठड्यावर.
कोणी सांगितलं नव्हतं.

जुलैत बँकेतली एक आली, तिला वेगळं बाथरूम पाहिजे.
दुसरीला रात्री बारापर्यंत फाटक उघडं पाहिजे.
पोळा झाला, मारबत निघाली,
इडा-पिडा घेऊन जा गे, मीही ओरडलो गर्दीत.
दिवाळीत हिशेब केला:
साडेतीन हजार, पाच महिने, साडेसतरा.
उशिरा आलं असतं,
तरी आलं असतं.
हिला सांगितलं नाही. हिने विचारलंही नाही.
ग्लास मात्र कूलरमध्ये पाणी टाकायला वेगळा ठेवला आहे.

नोव्हेंबर. हयातीचा दाखला.
मशीनवर माझा अंगठा उमटेना.
रेषा झिजल्या काका, दुसरं बोट ठेवा.
दुसरं ठेवलं. तिसरं.
मागे रांग चुळबुळायला लागली.
आधार कार्ड घरी, कपाटात.
काचेपलीकडचा पोरगा माझ्या पोराहून लहान.
तो मान वर न करता म्हणाला,
पूर्ण नाव सांगा.