छाट

विडी घरकुलात साडेनऊला लाइट गेली,
तेवढंच निमित्त पुरलं मला वही मिटायला.

शेजारच्या भूदेवीअक्का मात्र उंबऱ्यात
सूप मांडीवर घेऊन बसलेल्या.
पानं दुपारीच भिजवलेली, कापलेली.
"मन लागतं का हो रोज?" मी विचारलं.
"मन कशाला लागतंय? बोटं हायत की."

उद्या कारखान्यात चेकर त्यांच्या मूठभर विड्या
छाट म्हणून बाजूला टाकेल.
त्यांना ते ठाऊक असतं, वळताना.

मी मोबाइलच्या उजेडात एक ओळ लिहिली,
उन्हाबद्दल. सोलापुरात आणखी कशाबद्दल लिहिणार?
वाईटच होती.
दुसरी लिहिली. तीही छाट.

पलीकडे सूप जरासं सरकल्याचा आवाज.
लाइट अजून आलेली नाही.

तिसरी
सुपात आहे.