जाड पुस्तक

कुडचड्याच्या वाचनालयात, भर मे महिन्यात,
सुकांती वेळीप पंख्याखाली
बर्फातलं प्रेत चाळते.
शेवटचं पान आधी.
सापडतो ना? मगच घरी नेते.

स्वीडन बरं, म्हणते.
दुपारी तीनलाच काळोख, माणसं घुमी,
आणि तो बायकोनं सोडलेला इन्स्पेक्टर
गार कॉफी पीत
कुणा अनोळखी पोरीसाठी
सहाशे पानं झोपत नाही.

मी तारखेचा शिक्का मारतो.

तिच्या भावाला खाणीच्या ट्रकनं उडवलं
त्याचा पंचनामा दीड पानाचा,
त्यातही आडनाव चुकलेलं.

"याहून जाड आहे एखादं?"

परत आलेल्या पुस्तकाच्या कडांना
लाल धूळ असते.
आधी पुसायचो.