केसभर

बोगोमिर आला तेव्हा मी जाळीवरची राख पुसत होते,
क्रान्यच्या जुन्या विणमाल गिरणीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून आता मोजे निघत नाहीत,
खोके निघतात, सांगाल त्या मापाचे.

त्यानं खिशातून एक लाकडी पिंजरा काढला,
काडेपेटीहून जरासा मोठा.
"असाच हवाय, पुठ्ठ्याचा.
चाळीस वर्षं हातानं कापले.
आता हातच कापतात, लाकूड कापत नाही.
यातून राणी जाते पोस्टानं,
सोबत आठ दासी, आणि साखरेची एक गोळी."

मी पुठ्ठा निवडला दीड मिलिमीटरचा, आत बारीक लाटांचा.
पडद्यावर रेघा ओढल्या.
लाल म्हणजे आरपार.
निळी म्हणजे वरची कातडी फक्त, घडी पडण्यापुरती.
निळीच अवघड:
कमी पडली तर मुडपत नाही,
जास्त झाली तर जोडलेलं राहत नाही.
आणि किरण आपली दलाली घेतोच,
दर रेघेला केसभर पुठ्ठा जाळून खातो.
तेवढं धरून आकडे लिहायचे,
नाहीतर झाकण ढिलं, आणि मापात पाप.

भोकं दोन मिलिमीटरची.
हवा जाईल, माशी जाणार नाही.
बोगोमिरनं चष्मा कपाळावर चढवून
एकूण एक भोक मोजलं.

पुठ्ठा कापताना यंत्रापासून हलायचं नसतं.
त्या दुपारी दोनदा ज्योत उठली,
दोनदा मी बटणावर हात मारला.
संध्याकाळपर्यंत चाळीस डब्या,
तपकिरी कडांच्या, टोस्टासारख्या.

चौथ्या दिवशी त्या सगळ्या घेऊन तो परत आला.
एक माझ्या नाकापुढे धरली.
मला काहीच आलं नाही.
नऊ वर्षांत तो वास माझ्यापुरता मेलाय,
फक्त नेझा म्हणते, आई, तुझ्या केसांत जळकं येतं.
"त्यांना वाटतं, रान पेटलंय," तो म्हणाला.
"धूर आला की माश्या पोटभर मध पितात,
घर सोडायची तयारी.
इथे सोडून जायला वाटच नाही.
आठही जणी रात्रभर
राणीभोवती फिरत होत्या."

मग मी वेग बदलला, वारा वाढवला,
कडा स्पिरिटनं पुसल्या,
एक डबी फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी.
शेवटी खिडकीत दोरी बांधली
आणि नव्या चाळीस डब्या चिमट्यांना लटकवल्या,
डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्यात, अकरा दिवस.
खालचा सायकलवाला विचारायचा,
"काय गं, धुणं वाळलं का?"

बाराव्या दिवशी बोगोमिर मेणाचा खडा घेऊन बसला.
एकेक कड अंगठ्यानं माखत गेला.
थरथरीनं मेण सारखं पसरतं, असं त्याचं म्हणणं.
मला पटत नाही.
मी चहा ठेवला.

पोस्टात तोन्च्कानं पहिली डबी कानाशी नेली
आणि तशीच उभी राहिली, मागे रांग असताना.
"आत काय आहे?"
"राणी."
"किमतीच्या रकान्यात काय लिहू?"
त्यानं बराच विचार करून सांगितलं, बावीस युरो.
"एवढीच?"
"पिशवीत टाकू नकोस, हातात ने," तो म्हणाला.
तिनं खरंच हातात नेली, आतल्या खोलीत, सावलीला.

पाचव्या दिवशी डेन्मार्कहून फोन आला.
राणी सुखरूप. दासी सहा.
"दोन?" मी विचारलं.
"वाटेत तेवढं जातंच," बोगोमिर म्हणाला,
आणि कसल्याशा पावत्या शोधू लागला.

तो गेल्यावर मी फाइल उघडून
केसभराचा तो आकडा पुन्हा एकदा पाहिला.
बरोबर होता.
ट्रेमध्ये भोकांच्या चकत्या साचल्या होत्या,
राईएवढ्या, शेकड्यांनी.
फुंकर मारली तर उडतील म्हणून
तोंड वळवून श्वास घेतला,
आणि पुढचा पुठ्ठा जाळीवर ठेवला.