विशेष सहभाग

पोस्टरवर टेंगशेबुवांचा चेहरा कलिंगडाएवढा
आणि खाली आम्ही चौघं, मोहरीचे दाणे.
मोहरी उगाच म्हणत नाही मी.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, एका गोदामाच्या
पोटमाळ्यावर आमची तालीम चालते.
भाडं कमी, आणि शेजारी तक्रार करत नाहीत,
कारण शेजारी म्हणजे धण्याची पोती.

बुवा आले तेव्हा खाली ब्याडगीचा ट्रक उतरत होता.
सतरा वाट्या जुन्या धोतरांच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या,
एकेक सोडवून अर्ध्या रिंगणात मांडली,
मग म्हणाले, पाणी?
ऑल्विनने सीलबंद बाटल्यांचं खोकं पुढे सरकवलं.
बुवा लेबल वाचत राहिले बराच वेळ.
"नळाचं नाही का? मोरब्याचं पाणी बरं बोलतं म्हणतात."
कोण म्हणतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आधी सगळे पाया पडलो.
तिथेच चुकलं बहुतेक.
ज्याच्या पाया पडलो त्याला
"जरा मागे पडताय" कसं सांगणार?
आणि तेही आवाज कमी करा म्हणेनात,
नुसतं वा, वा,
खिडकीकडे बघून.

केयूरने त्यांच्या कानात टिकटिक बसवून दिली.
दोन आवर्तनं ऐकली, काढून पानाच्या डबीवर ठेवली.
"आत कुणीतरी मोजतंय.
मला घाई आहे असं त्याला का वाटतं?"
सायमाने हसू गिळलं.
गाणं सातात आहे म्हटल्यावर मात्र खुलले,
"म्हणजे रूपक!"
आणि बरोब्बर समेवर शिंकले.
रूपकात समेलाच खाली असते,
तेव्हा शिंक काही चुकली नाही,
हे त्यांनीच नंतर समजावलं.

वाशीचं नाट्यगृह. पहिल्या रांगेत प्रायोजक,
पाण्याच्या टाक्या बनवणारे. जलतरंग त्यांनाच सुचलेला.
तिसऱ्या गाण्यात मी खालची जाड तार छेडली
आणि सतराच्या सतरा वाट्यांत पाणी शहारलं.
मी पाहिलं ते. वलयावर वलय, काठाला थडकून माघारी.
बुवांची काडी वाटीवर पडली
आणि पंचम आला नाही,
पंचमाच्या नात्यातलं कुणीतरी आलं.

काड्या खाली ठेवल्या त्यांनी.
दोन्ही तळवे पाण्यावर धरले, न टेकवता,
तान्ह्याच्या टाळूवर धरावेत तसे.
लोकांना वाटलं, काहीतरी अध्यात्म चाललंय.
टाळ्या पडल्या.

मी बासचं बटण शून्यावर आणलं
आणि बोटं तशीच चालू ठेवली.
साडेसहा मिनिटं मुकी वाजवली.
कुणाला कळलं नाही. ऑल्विनलाही नाही,
जो म्हणतो, तुझ्यावाचून माझा पायच पडत नाही.
बुवांनी एकदाच मान वळवली.
आभार नव्हते त्यात, रागही नव्हता.
चुकून जास्त आलेली चिल्लर परत देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे
दुकानदार बघतो, तसं काहीसं.

नंतर वाट्या बादलीत रिकाम्या करत बसले,
मी पुसायला घेतल्या.
"तुझं नाव विचारायचं राहिलं."
म्हटलं, उर्मी तांडेल. दिवाळे कोळीवाडा.
"मग पाण्याचं मी काय सांगणार तुला,"
म्हणाले, आणि धोतराचा सतरावा तुकडा शोधत राहिले.
तो सापडला नाही. शेवटची वाटी
माझ्या ओढणीतून गेली.

गाणं आलं, बऱ्यापैकी चाललंही.
नाव त्यांचं आधी, आमचं कंसात.
पुन्हा बसू म्हणालो होतो दोन्हीकडून.
त्यांचा फोन नाही, आमचा नाही.

अँपवर पाण्याची बाटली ठेवायची नाही,
हा केयूरचा नियम.
मी ठेवते.
जाड तार दाबते हळू, आणखी हळू,
कितपत वाजवलं तर पाणी हलणार नाही, बघते.
अजून सापडलेलं नाही.
खाली कुणीतरी पोतं आपटतं,
आणि ऑल्विन मोजायला लागतो.