गाठ

मारेन नॉर्वेहून आली, तीन आठवड्यांसाठी.
बॅगेत बटणांची पाटी, रंगीत चिमटे, मोजपट्टी.
मी तिची दुभाषी. शिकतो आम्ही एकच,
ती तिकडे, मी परळला;
मानखुर्दच्या या गल्लीत मात्र
मीही तिच्याइतकीच पाहुणी.

कौतिकबाईंचा उजवा हात
दिवाळीपासून मांडीवर पडून आहे,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.
बटण लावता यायला हवं ना? मारेननं विचारलं.
मी भाषांतर केलं.
बाई हसल्या. उभ्या जन्मात बटण लावलंय कुठं?
हूक सून लावती, त्याचं काही नाही.
मला पदराला गाठ मारायचीय.
पैशाला सुनंच्या तोंडाकडं बघावं लागतंय.

फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
मारेननं पेन ठेवलं,
गळ्यातला रुमाल सोडला
आणि स्वतःचा धडधाकट हात पाठीमागे धरून
दातांनी टोक ओढत बसली.
जमेना.
असं नाही गं, असं, बाई म्हणाल्या,
आणि डाव्या हातानं दाखवू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात बसली, सैल का होईना.
जाताना मारेननं गाठीत ठेवायला नाणं दिलं,
मधोमध भोक असलेलं.
माझ्या आईकडं होता असला पैसा, बाई म्हणाल्या.
याचं काय येतं?
मी हिशोब केला. सांगितला नाही.

दर मंगळवारी आता मी एकटीच जाते.
गाठ सुटलेली असते, नाणं उशाशी.
थांब, इकडं बघू नको, बाई म्हणतात.
मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते,
बराच वेळ.