बांधाकडच्या चार ओळी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात
तिसरं वर्ष भरत आलंय.
तपासनीस कागद घेऊन उभा :
काय काय टाकलं?
नागिणबाई बोटं मोजते —
शेण, गोमूत्र, काळा गूळ, बेसन,
वडाखालची मूठभर माती,
आणि बरंचसं नुसतं थांबणं.
थांबण्याला रकाना नाही.

तो ढेकूळ फोडतो.
आत गांडूळ, उजेड नको म्हणून वळवळतं.
"ह्याची सही चालंल का?"

पण मावळतीच्या बांधाकडच्या
शाळूच्या चार ओळी
ती सेंद्रिय म्हणून लिहू देत नाही.
पलीकडं सिदगोंडाचं डाळिंब, त्याचा पंप, त्याचं औषध,
आणि वारं काही कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.
त्या ओळींची कणसं ती वेगळी खुडते,
वेगळ्या पोत्यात भरते,
तोंड लाल दोऱ्यानं शिवते,
कुणी बघत नसलं तरी.

परवा मात्र तिनं पाहिलं :
सिदगोंडानं पाठीला पंप लावला,
चिमूटभर माती हवेत सोडली.
ती इकडं उडाली.
पंप उतरवून तो लिंबाखाली बसला,
वारं फिरेपर्यंत.

हे तिनं तपासनिसाला सांगितलं नाही.
त्याच दुपारी पोराच्या हाती
बांधापलीकडं
ताकाचा तांब्या धाडला होता.