इंचाला दहा टाके

सुरू होतं ते कधीही.
रावपुऱ्यातल्या माझ्या दीड खणाच्या दुकानात
मोरपंखी साडीला फॉल लावत असते मी,
आणि पंखा कुणावर तरी डाफरायला लागतो.
कात्री खाली ठेवावी
तर पत्र्यावर पत्रा कोसळतो.
हसुमतीबेन विचारतात, "बुधवारे आपशो ने?"
रोजच्याच लोण्यासारख्या आवाजात,
आणि मला वाटतं
मी त्यांचे पैसे बुडवून पळाले होते
आणि आत्ता सापडलेय.

बाहेर सगळ्यांना घाई सुटलेली.
रिक्षा, शाळेची पोरं, केळीवाला,
गायसुद्धा घाईघाईत रवंथ करते.
माझा हात चाक फिरवतो तो मला विचारत नाही.
मनात म्हणावं, थांब जरा,
तर मनही खेकसून म्हणतं, थांब जरा!

भिंतीवर सराफाने दिवाळीला दिलेलं घड्याळ.
ते मात्र सेकंदाला एकच टिक करतं.
मी मोजलंय.
आदळते दार लावल्यासारखी,
पण एकच.

आठ मिनिटं. कधी दहा.
मग पंखा पुन्हा पंखा होतो.

सयाजी हॉस्पिटलात डोक्याला तारा चिकटवून
कागदभर डोंगर काढले.
"नॉर्मल छे, बेन."
कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत शिट्ट्या ऐकवल्या,
एकही चुकली नाही माझी.
कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या खाल्ल्या.
कुणी विचारलं, घरी काही टेन्शन?
मी म्हटलं, आहे ना. पण ते हळू चालतं.

एकदा मात्र हुशारी केली.
सुरू झालं तिथे खडूची खूण,
संपलं तिथे दुसरी.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून फूटपट्टी लावली.
इंचाला दहा टाके.
खुणेच्या अलीकडे दहा, पलीकडे दहा,
मधल्या त्या धावपळीतही दहाच.
खडू झटकून टाकला.
ती साडी नेसून कुणीतरी लग्नात मिरवलं असेल,
घोट्यापाशी माझी ती दहा मिनिटं घेऊन.

त्या रात्री झोपेत नाही, जागेपणीच
मला बाबा दिसले.

बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर.
जेवता जेवता एकदम कानांवर हात.
"आपटू नकोस."
आई वाटी ठेवत असायची.
"आपटू नकोस म्हटलं ना!"
मी आठ वर्षांची, समोरच बसलेली.
वाटी उतरली होती पीस उतरावं तशी.
आईने मग ओट्यावर, ताटांखाली, फळीवर
जुन्या साडीचे चौकोन पसरले.
बांगड्या काढून दोनच ठेवल्या, त्याही काचेच्या नाहीत.
आणि बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे.
आम्हाला वाटायचं,
उठून जायची घाई आहे त्यांना.
आम्ही त्यांना खाष्ट म्हणायचो.
जाऊन सोळा वर्षं झाली,
कालपर्यंत म्हणत होते.

आज आई मेथी निवडत होती.
तिला सगळं सांगितलं.
पंखा, कात्री, खडू, टाके.
आणि बाबा.
तिने मान वर केली नाही.
पानं एका बाजूला, देठ एका बाजूला,
अर्धी जुडी तशीच निवडून झाली.

मग म्हणाली,
"म्हणजे मी आपटत नव्हते."

विचारलं नाही. म्हणाली.

उठली. ओट्यावरचा चौकोन काढला,
चार घड्या घालून खिडकीत ठेवला.
नुसत्या दगडावर स्टीलचं ताट ठेवलं,
ठेवलं कसलं,
ठण्णदिशी.
आवाज पार विरेपर्यंत तिथेच उभी राहिली.
माझे कान तेव्हा ठीक होते,
म्हणून खात्रीने सांगते,
तेवढाच मोठा होता तो.

"बस जेवायला," म्हणाली.